विनोद सातव्या रस्त्यापर्यंत पोचतो का? नॅशनल मॉलवरच्या गमतीच्या सभेचं परीक्षण

गंभीर सभेत मागच्या माणसाला भाषण ऐकू आलं नाही तरी फारसं अडत नाही. पुढून घोषणा येते, तो हात वर करतो, सूर मिसळतो, आणि सभा त्याच्यापर्यंत पोचते. विनोदी सभेचं तसं नाही. पुढचे हसले आणि आपल्याला काही कळलं नाही, की माणूस शेजारच्याला "काय म्हणाला?" असं विचारतो. शेजारी सांगेपर्यंत पुढचा विनोदही निघून गेलेला असतो. म्हणून अशा सभेचं परीक्षण करताना स्टेजवर कोण होतं यापेक्षा आवाज, पडदे, वाहतूक आणि उभं राहायची जागा यांना जास्त गुण ठेवावे लागतात.

नमुना म्हणून घेतली आहे ती ३० ऑक्टोबर २०१० ची वॉशिंग्टनची सभा, 'रॅली टू रिस्टोअर सॅनिटी अँड/ऑर फिअर'. मराठीत सांगायचं तर 'शहाणपण आणि/किंवा भीती पुन्हा रुजवण्यासाठीची सभा'. कॉमेडी सेंट्रल वाहिनीवरच्या जॉन स्टुअर्ट आणि स्टीफन कोल्बेर या दोघा विनोदी निवेदकांनी १६ सप्टेंबरला ती जाहीर केली. तेव्हा एकाची शहाणपणाची सभा होती, दुसऱ्याचा भीती टिकवण्यासाठीचा मोर्चा. नंतर दोन्ही एकत्र केल्या, म्हणून नावात ते 'आणि/किंवा'. त्याआधी २८ ऑगस्टला ग्लेन बेक या फॉक्स न्यूजच्या निवेदकाने लिंकन मेमोरियलपाशी मोठी सभा घेतली होती आणि २ नोव्हेंबरला अमेरिकेच्या काँग्रेसची मध्यावधी निवडणूक होती. दोन्हींच्या मध्ये ही शनिवारची दुपार, १२ ते ३. प्रवेश फुकट, तिकीट नाही. स्टेजवर कोणीही कोणाला मत द्या असं सांगितलं नाही.

मैदान आजही तेच आहे आणि मेट्रोही तीच. दर वर्षी तिथे छोट्यामोठ्या सभा होत असतात. त्यामुळे पुढचा तपशील २०१० पुरता नाही.

मैदान

नॅशनल मॉल हे नाव ऐकून दुकानं डोळ्यांपुढे येतात, पण ही पूर्व-पश्चिम पसरलेली हिरवळीची लांब पट्टी आहे. पूर्वेला कॅपिटॉल म्हणजे अमेरिकेच्या काँग्रेसची इमारत, पश्चिमेला लिंकन मेमोरियल, मधलं अंतर सुमारे तीन किलोमीटर. सभेचा भाग मुख्यतः कॅपिटॉलच्या बाजूचा, तिसऱ्या आणि सातव्या रस्त्यांमधला होता. हे अंतर सुमारे ६०० मीटर आहे. उत्तरेला मॅडिसन ड्राइव्ह, दक्षिणेला जेफरसन ड्राइव्ह, आणि हिरवळीच्या दोन्ही कडांना एल्म झाडांच्या रांगा. तिसरा, चौथा, सातवा आणि चौदावा हे रस्ते मॉल जमिनीवरून ओलांडतात. नववा आणि बारावा बोगद्यातून खालून जातात, म्हणजे तिथून मैदानावर चढता येईल या भरवशावर राहू नये. नकाशावर रस्ता दिसतो, प्रत्यक्षात पायाखाली फक्त गाड्यांची घरघर असते.

जागा म्हणून मैदानाला पूर्ण गुण. चहूबाजूंनी आत येता येतं, बाहेर पडता येतं, आणि गर्दी कोंडेल अशी भिंत कुठेच नाही. मोठ्या सभेत धोका असतो तो अरुंद दारांचा आणि उताराचा. इथे दोन्ही नाहीत. गर्दी वाढली की ती बाजूच्या रस्त्यांवर सांडते, आणि त्या दिवशी ती तशीच सांडली.

तोटाही त्याच सपाटपणाचा. जमीन सपाट असल्यामुळे सहाव्या-सातव्या रांगेनंतर स्टेज दिसत नाही, दिसतात ती डोकी. एल्मच्या रांगांमागे उभ्या असलेल्यांना पडदेही अर्धेच दिसतात. त्या दिवशी बरेच लोक झाडांवर चढले, काही तर फिरत्या शौचालयांच्या छपरांवर. दोन्ही चुकीचं. झाडं जुनी आहेत, आणि प्लास्टिकचं छप्पर माणसाचं वजन पेलण्यासाठी बनवलेलं नसतं.

उन्हाचा हिशेब मात्र इथे छान जुळतो. स्टेज पूर्वेला, म्हणजे प्रेक्षकांचं तोंड पूर्वेकडे. ऑक्टोबरअखेर वॉशिंग्टनमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ३७ अंशांच्या आसपासच चढतो. तो प्रेक्षकांच्या उजव्या गालावर असतो आणि दोननंतर पाठीमागे सरकतो. डोळ्यांत येत नाही. पण पडद्यांची तोंडं पश्चिमेला असल्याने दोननंतर ऊन सरळ पडद्यांवर पडतं आणि चित्र फिकट होतं. कार्यक्रमाचा शेवटचा तास मागच्यांना धूसर दिसतो तो यामुळे, पडदा बिघडलेला नसतो.

आवाज: इथेच गुण कापले

ध्वनीला ६०० मीटर कापायला पावणेदोन सेकंद लागतात. थंड हवेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. पडद्यावरचं चित्र मात्र लगेच पोचतं. म्हणजे फक्त स्टेजवरचे कर्णे असतील तर सातव्या रस्त्यापाशी उभ्या माणसाला आधी ओठ हललेले दिसतात, मग क्षीण झालेला विनोद येतो आणि त्याला लागूनच पुढच्यांचं हसू. हसू आणि विनोद एकमेकांवर आदळतात, आणि कळतं फक्त हसू.

शिवाय अंतर दुप्पट झालं की मोकळ्या मैदानात आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्टेजपासून १० मीटरवर जो आवाज आहे तो ६४० मीटरवर जाईपर्यंत सहा वेळा अंतर दुप्पट झालेलं असतं, म्हणजे ३६ डेसिबल गेले. तेवढी घट भरून काढायला स्टेजचे कर्णे वाढवले तर पुढच्या रांगेतल्यांचे कान बसतील.

उपाय जुना आणि माहीत असलेला आहे: मैदानात ठरावीक अंतरावर मनोरे उभे करायचे, त्यांवर कर्णे लावायचे आणि प्रत्येक मनोऱ्याचा आवाज तितकाच उशिरा सोडायचा जितका वेळ स्टेजचा आवाज तिथवर यायला लागतो. १०० मीटरवरच्या मनोऱ्यासाठी सुमारे ०.२९ सेकंद. जाणकार ध्वनिव्यवस्थापक त्यावर १० ते २० सहस्रांश सेकंद आणखी घालतात. मग कानाला आवाज मनोऱ्यातून न येता स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो. हे गणित चुकलं की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, आणि एकदाही ऐकू आला नसता तर परवडलं असतं अशी गत होते.

२०१० ला अडलं कुठे, तर अंदाजात. परवान्यासाठी आधी २५ हजार माणसांचा अंदाज दिला होता, मग तो ६० हजारांवर नेला. आली त्याच्या तिप्पटीहून जास्त. मनोरे, पडदे, शौचालयं, कठडे हे सगळं अंदाजाच्या आकड्यावर ठरतं आणि आदल्या दिवशी वाढवता येत नाही. मागच्या भागातून "आवाज वाढवा" अशा आरोळ्या उठल्या, त्या स्टेजवर पोचल्या नाहीत. ध्वनीचा नियम दोन्ही दिशांना सारखाच.

उभं कुठे राहायचं याचं सरळ उत्तर: स्टेजजवळ नाही, मनोऱ्याजवळ. मनोरा आपल्या पुढे २० ते ४० मीटरवर असावा आणि त्याच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला पडदा दिसावा. मनोऱ्याच्या अगदी खाली उभं राहिलं तर कर्णे डोक्यावरून पुढे बोलतात. दोन मनोऱ्यांच्या बरोबर मध्ये राहिलं तर दोन्हींचा आवाज किंचित मागेपुढे येतो. वारा पश्चिमेकडून असेल तर तो स्टेजच्या आवाजाच्या विरुद्ध वाहतो, आवाज वरच्या बाजूला वळतो आणि मागच्यांच्या डोक्यांवरून निघून जातो. अशा दिवशी आणखी एक मनोरा पुढे सरकावं. खिशातला छोटा रेडिओ किंवा फोनवरचं प्रक्षेपण हा पर्याय कागदावर चांगला वाटतो. पण एवढ्या गर्दीत फोनचं जाळं गुदमरतं, आणि प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं. सगळे हसून झाल्यावर एकट्याने हसायची तयारी असेल तर जरूर.

या एका कारणासाठी सभेला आवाजाचे पाचपैकी दोनच गुण. पुढच्या तिसऱ्या भागात उभ्या असलेल्यांनी चार दिले असते, हेही खरं.

मागच्यांसाठी काय चाललं, काय नाही

कार्यक्रमातला कुठला भाग लांबवर पोचला हे बघितलं की विनोदी सभा कशी रचावी ते कळतं. संगीत पोचलं. सुरुवातीला द रूट्स आणि जॉन लेजंड होते. सूर ओळखीचा असला की शब्द अर्धे ऐकू आले तरी चालतं. युसुफ इस्लाम, ऑझी ऑस्बोर्न आणि ओ'जेज यांनी एकमेकांना तोडत तीन गाणी म्हटली. तिन्ही आगगाडीवरची, स्वभाव मात्र तिन्हींचा वेगळा. हा विनोद बोलण्यात नव्हता, चालीतच होता, म्हणून तो मागेही कळला.

सर्वांत वरचा क्रमांक 'मिथबस्टर्स' या टीव्ही कार्यक्रमातल्या जेमी हाइनमन आणि ॲडम सॅव्हेज यांना. त्यांनी गर्दीलाच खेळवलं. पुढून मागे हातांची लाट नेली, सगळ्यांना एकाच वेळी उडी मारायला लावली, वेगवेगळे आवाज काढायला लावले. ज्याला स्टेज दिसत नव्हतं त्यालाही आपल्याकडे येणारी लाट दिसत होती. उशिरा पोचणं हा इतर वेळी दोष असतो. लाटेत तीच गंमत असते. अशा सभेत हा प्रकार एकदाच ठेवणं ही चूक. दर पाऊण तासाला हवा.

कोल्बेरचं आगमनही डोळ्यांसाठी होतं. चिलीतल्या खाणकामगारांची सुटका त्याच महिन्यात, १३ ऑक्टोबरला झाली होती. त्यांना वर काढणाऱ्या कुपीची नक्कल करून तो 'भीतीच्या भुयारा'तून वर आला. शेवटी त्याचाच अवाढव्य पुतळा स्टेजवर उभा राहिला आणि पीटर पॅनच्या वेषातल्या जॉन ऑलिव्हरने प्रेक्षकांच्या घोषणांनी तो विरघळवला. मोठं, रंगीत, एका नजरेत कळणारं.

फसले ते स्टुअर्ट आणि कोल्बेर यांच्यातले वादसंवाद आणि पदकवाटप. समंजसपणाची पदकं देण्याची कल्पना गोड होती. एक पदक बेसबॉलपटू आर्मांडो गॅलरागा याला मिळालं. जून २०१० मध्ये पंचाच्या चुकीच्या निर्णयामुळे त्याचा निर्दोष सामन्याचा (समोरच्या एकाही फलंदाजाला तळावर पोचू न देण्याचा) विक्रम हुकला आणि त्याने त्या पंचाला शांतपणे माफ केलं. पण ही गोष्ट आधी सांगावी लागते, मग विनोद, मग चित्रफीत. सातव्या रस्त्यावर यातली चित्रफीत तेवढी आली, तीही उन्हात. संवादांचं तर विचारूच नका. एक शब्द हुकला की उलट उत्तराला अर्थ राहत नाही.

शेवटचं स्टुअर्टचं भाषण मात्र चाललं, आणि त्यात विनोद जवळजवळ नव्हता. पडद्यावर हडसन नदीखालच्या बोगद्यात शिरणाऱ्या गाड्या दाखवल्या. अनेक मार्गिका एकीत मिसळतात, आधी तू मग मी असं करत सगळे पार होतात. चित्र स्वतःच बोलत होतं, बोलण्याचा वेग संथ होता आणि गर्दी गप्प होती. गप्प गर्दीत आवाज जास्त लांबवर कळतो, हे सभा घेणाऱ्यांनी लिहून ठेवावं.

फलक

या सभेचा निम्मा कार्यक्रम लोकांच्या हातात होता. घरी रंगवलेले, स्वतःचीच टिंगल करणारे, ओरडण्याऐवजी कुजबुजणारे फलक. मागे उभ्या असलेल्यांना स्टेज दिसलं नाही तरी तीन तास वाचायला पुरेल एवढं आजूबाजूला होतं. म्हणून या विभागाला पूर्ण गुण, आणि जाणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ यावरच घालवावा.

अमेरिकेतल्या दुकानात मिळणारा नेहमीचा पुठ्ठा २२ इंच बाय २८ इंचांचा. अक्षराची उंची जितके इंच, त्याच्या दहापट फुटांवरून ते आरामात वाचता येतं. ३ इंची अक्षर ३० फुटांवरून. गर्दीत ३० फूट म्हणजे पुष्कळ झालं. पुठ्ठा आडवा धरला तर ३ इंची रोमन अक्षरं एका ओळीत अकराच्या आसपास मावतात आणि ओळी पाच. म्हणजे पन्नास-पंचावन्न अक्षरं, सात-आठ शब्द. त्याहून लांब विनोद फलकाचा नाही, पत्रकाचा आहे.

देवनागरीत लिहायचं असेल तर हिशेब बदलतो. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार. खाली उकार, रकार. ३ इंची अक्षराच्या ओळीला ५ इंच उंची द्या आणि चार ओळींवर थांबा. शिरोरेषा जाड असू द्या, पण उभे दंड त्याहून जाड. लांबून शिरोरेषा एकच काळी पट्टी दिसते आणि खालचं अक्षर तिच्यात बुडतं.

नेहमी होणाऱ्या चुका तीन. पहिली, डावीकडून मोठी अक्षरं सुरू करायची आणि उजव्या कडेला येईपर्यंत ती मुंग्यांएवढी व्हायची. आधी पेन्सिलीने पुसट ओळी आणि चौकटी आखा, प्रत्येक ओळीतली अक्षरं मोजा, मगच रंगवा. दुसरी, पाण्यात विरघळणारा मार्कर. हलक्या पावसात मजकूर ओघळतो. चपट्या टोकाचा पक्क्या शाईचा मार्कर घ्या, काळा. पिवळ्यावर काळं सर्वांत लांबून दिसतं, तांबड्यावर काळं दिसतच नाही. तिसरी चूक, एकाच बाजूला लिहिणं. मागे उभे असलेले तुमच्या फलकाची कोरी पाठ तीन तास बघतात.

काठीचं प्रकरण जरा नाजूक आहे. मॉलवर नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याचे नियम चालतात. १ल्या आणि ३ऱ्या रस्त्यांमधला युनियन स्क्वेअर २०११ च्या अखेरीस कॅपिटॉलच्या ताब्यात गेला, तिथे पोलीस वेगळे, नियम वेगळे. व्हाइट हाउससमोरच्या पदपथावर तर नियम इंचात लिहिलेला आहे: फलक पुठ्ठ्याचा, जाड कागदाचा किंवा कापडाचा, रुंदी ३ फुटांपर्यंत, लांबी २० फुटांपर्यंत, जाडी पाव इंच, काठी लाकडीच आणि तिचा छेद पाऊण इंचापेक्षा मोठा नाही. एका दिवसात लोक या तिन्ही हद्दींत हिंडतात. म्हणून सर्वांत कडक नियमाला बसेल असाच फलक करावा. व्हाइट हाउससमोरचा पदपथ सोडला तर कापडाच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी काठी म्हणून सहसा अडत नाही. ती वजनाला हलकी, आणि कोणाच्या डोक्यावर पडली तर भांडण होत नाही.

वस्तुसंग्रहालयांत काठीसकट फलक नेता येईल असं धरून चालू नका. दारात सुरक्षा तपासणी असते.

शिष्टाचार एकच: पडद्यावर काही चालू असताना फलक खाली. सभेत ओरडणाऱ्याला गप्प करतात, पण डोक्यावर पुठ्ठा धरून शंभर माणसांचा पडदा झाकणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही.

मेट्रो

त्या शनिवारी वॉशिंग्टनच्या मेट्रोने ८,२५,४३७ फेऱ्या नोंदवल्या. त्याआधीचा शनिवारचा विक्रम ८ जून १९९१ चा, ७,८६,३५८ फेऱ्यांचा होता. साध्या शनिवारी तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास. म्हणजे दुपटीहून जास्त भार, आणि तोही सकाळच्या काही तासांत एकाच दिशेने.

परिणाम ठरलेला. शेवटच्या स्थानकांवर गाड्या भरल्या आणि मधल्या स्थानकांवर दार उघडून बंद झालं, चढलं कोणीच नाही. मधल्या स्थानकावर राहणाऱ्यांनी अशा दिवशी आधी उलट दिशेने शेवटच्या स्थानकापर्यंत जावं आणि तिथे बसून यावं. वेळ वाया जातो असं वाटतं. प्रत्यक्षात फलाटावर सहा गाड्या सोडून देण्यापेक्षा लवकर पोचता येतं.

मेट्रोच्या दारांबद्दल पाहुण्यांचा हमखास गैरसमज होतो. लिफ्टसारखं मध्ये हात घातला की हे दार उघडत नाही. ते मिटतच राहतं, आणि अडकून बिघडलं तर अख्खी गाडी रिकामी करून काढून नेतात. एका पाठपिशवीपायी हजार माणसं फलाटावर.

उतरायचं कुठे? बहुतेक लोक नाव बघून स्मिथसोनियनला उतरतात. त्याचं एक दार थेट मॉलवर उघडतं, आणि म्हणूनच तिथे सर्वांत जास्त चेंगराचेंगरी असते. मोठ्या दिवशी ते दार बंदही ठेवतात. शिवाय ते बाराव्या रस्त्याजवळ आहे, स्टेजपासून बरंच मागे. स्टेजच्या बाजूला यायचं तर दक्षिणेकडून फेडरल सेंटर एस-डब्ल्यू, उत्तरेकडून लाल मार्गिकेवरचं ज्युडिशियरी स्क्वेअर. सातव्या रस्त्यासाठी उत्तरेला आर्काइव्ह्ज आणि दक्षिणेला लाँफाँ प्लाझा. लाँफाँ प्लाझाला पाच मार्गिका मिळतात आणि सरकते जिने लांबलचक आहेत. त्या सभेच्या दिवशीच तिथल्या एका जिन्याचे ब्रेक निकामी झाले, तो खाली सुसाट सुटला आणि काही जण जखमी झाले. गर्दीच्या दिवशी सरकत्या जिन्यावर प्रत्येक पायरीवर दोन माणसं उभी राहतात, तेव्हाच जिन्याच्या ब्रेकची परीक्षा होते. गुडघे साथ देत असतील तर साधा जिना बरा.

मेट्रोच्या कार्डात जातानाच परतीचे पैसे भरून ठेवा. इथे बाहेर पडतानाही कार्ड टेकवावं लागतं, आणि शिल्लक कमी पडली तर मागे रांग थांबते. संध्याकाळी पैसे भरायच्या यंत्रापुढची रांग गाडीच्या रांगेपेक्षा लांब असते. डलेस विमानतळाकडून येणाऱ्यांना २०१० ला मेट्रो नव्हती; आता २०२२ पासून सिल्व्हर मार्गिका विमानतळापर्यंत जाते.

न्यूयॉर्कहून 'हफिंग्टन पोस्ट' या वृत्तसंकेतस्थळाच्या एरियाना हफिंग्टन यांनी फुकट बस सोडल्या होत्या. दीडशे बस, सुमारे दहा हजार माणसं, क्वीन्समधल्या सिटी फील्डपासून पहाटे निघालेली. कल्पना दणदणीत, पण बसने सभेला जाणाऱ्याचा दिवस बसच्या घड्याळावर चालतो. शेवटचं भाषण सोडून निघावं लागेल अशी तयारी ठेवावी.

बाकीचं, थोडक्यात

शौचालयांसाठी सभेतली रांग टाळायची तर अकराच्या आधी वस्तुसंग्रहालयात जाऊन यावं. स्मिथसोनियनची बहुतेक संग्रहालयं दहाला उघडतात आणि प्रवेश फुकट असतो. मात्र हवाई व अंतराळ संग्रहालयाला आता वेळ ठरवून पास काढावा लागतो. माणशी एक लिटर पाणी आणि हातात धरून खाता येईल असं काहीतरी. मॉलवर दारू चालत नाही. ड्रोन तर राजधानीच्या आसपासही उडवता येत नाही. भेटायची जागा मैदानात ठरवू नका, मैदानाबाहेर ठरवा. आर्काइव्ह्ज स्थानकाजवळचा नेव्ही मेमोरियलचा चौक चांगला. फोन लागत नाही तेव्हाही मजकूर संदेश उशिराने का होईना जातो, म्हणून "कुठे आहेस" ऐवजी "३.३० ला चौकात" असाच संदेश पाठवावा.

स्वतः अशी सभा घ्यायची हौस असेल तर नियम वाटतात तितके जाचक नाहीत. मॉलवर २५ पर्यंत माणसांना निदर्शनांसाठी परवाना लागत नाही. त्याहून जास्त असतील तर अर्ज एक वर्ष आधीपासून देता येतो, किमान ४८ तास आधी द्यावा लागतो. खर्च परवान्याचा नसतो, तो हिरवळीचा असतो. मॉलची हिरवळ २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने नवी केली, मातीसकट, खाली पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या घालून. त्यानंतर स्टेज आणि मनोरे कशावर, किती दिवस ठेवायचे यावर काटेकोर अटी आल्या. मनोरे वाढवा असं सांगणं सोपं, पण प्रत्येक मनोऱ्याखाली आता फरशी अंथरावी लागते.

माणसं किती होती हा वाद अशा प्रत्येक सभेनंतर होतो. पार्क सर्व्हिस १९९५ च्या मिलियन मॅन मार्चच्या आकड्यावरून झालेल्या भांडणानंतर अधिकृत अंदाज देत नाही. सीबीएस न्यूजसाठी एअरफोटोज लाइव्ह या कंपनीने हवाई छायाचित्रांवरून २ लाख १५ हजार हा आकडा काढला, दहा टक्के इकडेतिकडे. याच कंपनीने बेकच्या सभेसाठी ८७ हजार सांगितले होते. पडताळा घरबसल्या घेता येतो. हर्बर्ट जेकब्सच्या जुन्या पद्धतीने दाट गर्दीत माणशी साडेचार चौरस फूट धरले तर २ लाख १५ हजारांना ९० हजार चौरस मीटर लागतात. दोन्ही ड्राइव्ह आणि कडेची जागा धरून ६०० बाय २०० मीटरची पट्टी म्हणजे १ लाख २० हजार. झाडं, स्टेज, मनोरे वजा केले की आकडा बसतो. स्टेजवरून स्टुअर्टने मात्र एक कोटी ठोकून दिले. सभा घेणाऱ्यांनी सांगितलेला फुगीर आकडा त्या दिवशी पहिल्यांदाच विनोद म्हणून सांगितला गेला असावा.

कोणासाठी, कोणासाठी नाही? प्रत्येक विनोद ऐकायचाच असेल तर घरी बसा. कॉमेडी सेंट्रल आणि सी-स्पॅन दोन्हींवर ती थेट दिसत होती, आणि अशा सभा आता फोनवरही दिसतात. लहान मुलांना खांद्यावर तीन तास घेऊन उभं राहणं अवघड, पण मागच्या भागात, नवव्या रस्त्याच्या पुढे, सतरंजी टाकून बसता येतं आणि फलकांची मिरवणूक समोरून जाते. विनोद ऐकायचा तर सकाळी नऊपर्यंत चौथ्या रस्त्यापाशी. माणसं बघायची तर बारालाही चालेल.

परतीला तीनला धावू नका. सभा संपल्यावर पहिला दीड तास प्रत्येक स्थानकाबाहेर रांग रस्त्यावर येते, कारण गर्दी वाढली की दारं अधूनमधून बंद करतात. त्या वेळात उत्तरेकडे चालत गॅलरी प्लेस किंवा मेट्रो सेंटर गाठावं, वाटेत खावं, साडेपाचच्या पुढे गाडी धरावी. फलक टाकायचा असेल तर मॉलवरच्या डब्यांत कोंबू नका, ते दुपारीच भरलेले असतात. चिकटपट्टी सोडवून पुठ्ठा आणि काठी वेगळी केली तर पुठ्ठा घडी होऊन पिशवीत जातो.